मिशीवाली येडी

पुंजाजीला मिशी होती असं म्हणण्यापेक्षा मिशीला एक पुंजाजी होता, असं म्हटलेलं बरं. सकाळी आधी ती उठायची, तिची आंघोळ व्हायची, तिला पीळ बसायचा आणि मग तिच्यामागून पुंजाजी बाहेर यायचा. तिला लावायला तो माझ्या स्वयंपाकघरातलं लोणी नेतो असा मला संशय होता, आणि तो आजही फिटलेला नाही.

आमचा बालकाश्रम वाशीमात, स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटेवर. चाळीसेक पोरं. कोणाला आई नाही, कोणाला बाप नाही, कोणाला दोघं असून नसल्यासारखे. मी गिरजाबाई, त्यांना रांधून घालणारी. गृहपती उत्तमराव, ते दोन वेळा प्रार्थना आणि चार वेळा उपदेश करायचे. उरलेलं सगळं पुंजाजीकडे. पोरांना विहिरीवर आंघोळी घालायच्या, डोक्यातल्या उवा मारायच्या, नखं कापायची, खरजेला मलम चोळायचा, ओली झालेली अंथरुणं सकाळी उन्हात टाकायची आणि कोणती कोणाची ते मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. कागदावर त्याला 'परिचारक' म्हणत. पण तरुणपणी त्याने जत्रांमधून कुस्त्या मारल्या होत्या. मी ऐकलं ते असं, की एक मारली आणि बाकीच्यांत मार खाल्ला. ते काही असो, पोरांनी आपल्याला 'पैलवानजी' म्हणावं असा त्याचा हुकूम होता. दुसऱ्या कुठल्याही हाकेला तो ओ देत नसे. पोरांनी मात्र हाक आली की लगेच ओ दिला पाहिजे, नाहीतर कान पिळणार. मलाही लाकडं फोडून हवी असली की 'अहो पैलवानजी' म्हणावं लागे. अडला हरी, दुसरं काय.

त्या वर्षी पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी जऊळक्याच्या स्टेशनावर उतरली, पांगली आणि फलाटावर एक पोरगं उरलं. चारपाच वर्षांचं असेल. अंगात नुसता सदरा, नाक वाहतंय, हातात अर्धी काकडी. दोन दिवस कोणी न्यायला आलं नाही तेव्हा शिपायाने ते आमच्याकडे आणून दिलं. रेल्वेने आलं म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'पार्सल' ठेवून टाकलं.

उत्तमरावांनी त्याला समोर उभं केलं आणि विचारलं, "बाळ, तुझे शुभनाम काय?"

पार्सल त्यांच्याकडे बघेना, बोलेना. ते पुंजाजीच्या मिशीकडे टक लावून बघत होतं. उत्तमरावांनी हिंदीत विचारून पाहिलं, मग इंग्रजीतही विचारून पाहिलं. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याला बोलावून आणलं, कारण पोरगं तांड्यावरचं असावं एवढं दिसत होतं. म्हातारा त्याच्या बोलीत गोड बोलला, तर ते पुंजाजीच्या धोतरामागे जाऊन लपलं आणि म्हातारा जाईपर्यंत बाहेरच आलं नाही. म्हाताऱ्याने आसपासच्या तांड्यांवर निरोप देतो म्हणून सांगितलं आणि माझ्या हातची भाकरी खाऊन तो गेला.

पण खरा घोटाळा त्याआधीच झाला होता, पहिल्या आंघोळीला.

पुंजाजी आंघोळ घालायचा म्हणजे पोराला घासून काढायचा. पार्सलाच्या डोक्याला लाल साबण चोळला, फेस डोळ्यांत गेला आणि पोरगं सगळ्या विहिरीला ऐकू जाईल असं ओरडलं, "याडी!"

पुंजाजीचा हात जागीच थांबला. तो तसाच ओल्या धोतराने माझ्याकडे आला.

"ऐकलं का वं गिरजाबाई? हे पोट्टं मले येडी म्हणते!"

"मग त्यात खोटं काय आहे?" मी म्हटलं.

"येडा म्हणलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. येडा माणूस असते. पण येडी? हे मिशी असून येडी?"

त्याला शिवीचा राग नव्हता, बाई केल्याचा होता. मी हसले म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि लाकडं मला फोडावी लागली.

पोराला मात्र तो शब्द फार आवडला असावा. ठेच लागली की 'याडी'. भूक लागली की 'याडी'. कुंपणावर खार दिसली की आनंदाने 'याडी, याडी' करत पुंजाजीचं धोतर ओढायचं. पुंजाजी विहिरीवर, पार्सल विहिरीवर. पुंजाजी अंथरुणं झटकायला, पार्सल उशीवर बसलेलं. आणि पुंजाजी? तोंडाने शिव्या देत त्याला खांद्यावर बसवून फिरायचा. फक्त त्या हाकेला ओ द्यायचा नाही.

आता कोणी म्हणेल, त्या शब्दाचा अर्थ कोणाला तरी विचारायचा होता. कोणाला विचारणार? पुंजाजी म्हणायचा, "मले एक पोट्टं येडी म्हणते, असं मी गावभर सांगत फिरू का?" आणि मला विचाराल तर मी तो शब्द बाजारात कितीदा ऐकला होता. तांड्याच्या बाया लाकडं, डिंक घेऊन यायच्या, कोपरापर्यंत बांगड्या, घागऱ्यांना आरसे. त्यांच्या पोरी गर्दीत चुकल्या की गळा काढून 'याडी, याडी' ओरडायच्या. मला वाटायचं, काय हे वळण! भर बाजारात आईला येडी म्हणतात, आणि आई रागवायची सोडून हसत मागे बघते. आमच्या आईला मी असं म्हटलं असतं तर तिने फुंकणीने माझी पाठ शेकली असती.

व्हायचं ते एक दिवस झालंच. आश्रमाला धान्य देणारे एक शेठजी बघायला आले. पोरं रांगेत, रांगेच्या टोकाला पुंजाजी छाती काढून उभा, मिशीची टोकं थेट आभाळाकडे. शेठजी त्याच्याकडे बघून म्हणाले, "वा! हा तुमचा पैलवान वाटतं." एवढ्यात माझ्या स्वयंपाकघरातून पार्सल भाकरीचा तुकडा घेऊन सुटलं आणि "याडी! याडी!" करत जाऊन त्याच्या पायाला मिठी मारली. तुकडा त्याला द्यायला गेलं होतं बिचारं. चाळीस पोरं खदखदून हसली. मग शेठजी हसले. मग शेठजी हसले म्हणून उत्तमरावांनाही हसावं लागलं.

त्या दुपारी पुंजाजी उत्तमरावांपुढे जाऊन उभा राहिला. "एक तर हा शबद राहीन, नाही तर मी राहीन."

उत्तमरावांना नियम करायला फार आवडे. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं, की आश्रमातील कर्मचाऱ्यास उद्देशून 'येडी' हा अपशब्द वापरणाऱ्यास जेवणानंतरचा गूळ मिळणार नाही. गूळ वाटणारी मी. त्यामुळे पाप माझ्या हातून घडायचं होतं.

पार्सलाचं ऐकून तीच हाक मारायला लागलेली मोठी पोरं दोन दिवसांत सुधारली. गुळापुढे कोणाचं काय चालतं. पार्सलाला मात्र नियम कळेना. मग पुंजाजीने स्वतःच त्याला शिकवायला घेतलं. चुलीपुढे मांडी घालून बसायचा, एका हातात गुळाचा खडा, दुसरा हात मोकळा.

"म्हण, पै-ल-वा-न-जी."

"या..." असं पोराने म्हणायचा अवकाश, की पुंजाजीचा तो मोकळा पंजा त्याच्या तोंडावर. पंजा एवढा मोठा, की पोराचे नुसते दोन डोळे दिसायचे. मारलं नाही हो कधी. नुसतं तोंड झाकायचा. पण रोज, आणि घटकाघटका. शेवटी शेवटी पोरगं स्वतःच आपल्या तोंडावर हात ठेवायला शिकलं. शब्द ओठांवर यायचा, हात पुढे यायचा, शब्द आत जायचा. आणि एक दिवस ते म्हणालं, "पैवानजी."

पुंजाजीने मिशीला असा पीळ दिला, की जणू पुन्हा एक कुस्ती मारली. अख्ख्या आश्रमाला त्याने त्या दिवशी दोन दोन खडे गूळ वाटायला लावला.

मला ते बरं वाटलं नाही, खरं सांगते. आता पार्सलाला ठेच लागली की ते तोंडावर हात ठेवायचं, आणि डोळ्यांतून नुसतं पाणी यायचं. कुंपणावर खार यायची आणि निघून जायची. 'पैवानजी' ते नीट म्हणायचं, पण गूळ मागायला हात पुढे करून. मी पुंजाजीला म्हटलं, "पोरगं बोलेनासं झालं." तो म्हणाला, "शिकून राह्यलं ते." पण हे म्हणताना तो माझ्याकडे न बघता लाकडांकडे बघत होता.

पेरणीचे दिवस तोंडावर आले असतील. दुपारी एक बैलगाडी आश्रमापुढे थांबली. गाडीवाला होता प्रेमसिंग नावाचा, आणि गाडीतून उतरली एक उंच, हडकुळी बाई, घागऱ्याचा ओचा खोचलेला. आमच्या हातची भाकरी खाऊन गेलेल्या त्या म्हाताऱ्याचा निरोप फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. अंगणात पाय ठेवल्याबरोबर ती ओरडली, "सोमला!"

पार्सल वळलं आणि पळत जाऊन तिच्या घागऱ्यात शिरलं. तेव्हा आम्हाला कळलं, पोराचं नाव सोमला.

बाईचं नाव धनीबाई. सोमल्याची मावशी. तिने माझ्या ओट्यावर बसून पाणी पीत सगळं सांगितलं. पोराची आई दोन वर्षांमागे तापाने गेली. बाप फुलसिंग रेल्वेची खडी फोडायला पूर्णेकडे असतो. यात्रेला पोराला घेऊन निघाला, गाडीत त्याचा डोळा लागला, गर्दीत पोरगं कोणाच्या तरी मागे जऊळक्याला उतरलं, गाडी सुटली, आणि बाप पुढची सगळी स्टेशनं धुंडाळत बसला. "तिकडं पुरा पागल होऊन राह्यला तो," ती म्हणाली, आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवत आपल्या बोलीत काहीतरी गोड बोलली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून थांबली. आता तू म्हण, असं ते होतं.

सोमल्याचं तोंड उघडलं. आणि झटक्यात त्याने तोंडावर हात ठेवला.

तिने हसून हात बाजूला केला. त्याने दुसरा ठेवला. तिने तोही काढला, तर पोराने तिच्या मांडीत तोंड खुपसलं.

धनीबाईचं हसू गेलं. "काय केलं वो तुमी आमच्या लेकराले? माय मेली तवापासून तांड्यातल्या हर बाईले याडी म्हणत फिरे हे. आता कायले भेते?"

उत्तमराव पुढे झाले. "बाई, गैरसमज नको. त्याला एक अपशब्द उच्चारण्याची खोड होती. ती आम्ही प्रयत्नपूर्वक मोडली."

"कोनता शबद?"

उत्तमरावांनी इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "येडी."

धनीबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे द्येवा! याडी म्हंजे माय! तुमी आई म्हणता, आमी याडी म्हणतो!"

बाजारातल्या त्या सगळ्या पोरी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, गळा काढून ओरडणाऱ्या, आणि त्यांच्या हसत मागे बघणाऱ्या आया.

"पन हा इथं कोनाले याडी म्हणे?" धनीबाईने विचारलं, आणि माझ्याकडे पाहिलं. तेच साहजिक होतं, बाई मी एकटीच. ती मी असते तर मला आवडलंही असतं. पण खोटं कसं बोलू? मी हातातल्या पळीने दाखवलं.

धनीबाईने पळीच्या रोखाने पाहिलं. तिथे मिशी उभी होती. तिने वरून खालपर्यंत पुंजाजीला न्याहाळलं, ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि अशी हसली, की गाडीचे बैल दचकले. हसता हसताच तिचे डोळे भरून आले आणि ती रागावली. "मेलेल्या मायचा शबद लेकराच्या तोंडातून काढून घेतला तुमी. तो वापस द्या. लेकरू याडी म्हणन, तवाच मी इथून उठीन." असं म्हणून तिने माझ्या ओट्यावर मांडी ठोकली.

बाहेरून प्रेमसिंग ओरडला, "चाल वं, उशीर होऊन राह्यला!"

"होऊ दे!" धनीबाई म्हणाली.

पुंजाजीचं काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही. मिशीची टोकं त्याने धरली होती, पण पीळ द्यायचं विसरला होता. तो येऊन सोमल्यापुढे उकिडवा बसला. माझ्या स्वयंपाकघरातून त्याने गुळाची अख्खी ढेप उचलून आणली होती.

"म्हण बाप्पा. येडी म्हण."

सोमल्याने मांडीतून तोंड काढलं, गुळाकडे पाहिलं. "पैवानजी," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

काय करणार, शिकवलं होतं तसंच ते वागत होतं. पुंजाजीने खडा दिला. "आता पैलवानजी नाई. येडी."

"पैवानजी." हात पुढे.

असे किती खडे गेले कोण जाणे. पोराचं तोंड चिकट झालं, ढेप अर्धी झाली, धनीबाई ढिम्म हलेना. उत्तमरावांनी पुढे येऊन 'सदर निर्बंध आजपासून मागे घेण्यात येत आहे' असं गंभीरपणे सांगितलं. सोमल्याने त्यांनाही 'पैवानजी' म्हणून हात पुढे केला.

मग पुंजाजी पोराला उचलून विहिरीवर घेऊन गेला. डोक्यावर तांब्या ओतला, साबण हातात घेतला. मला त्याचा बेत कळला. डोळ्यांत फेस गेला तेव्हाच तो शब्द पहिल्यांदा आला होता. तो साबण घेऊन पोराच्या डोळ्यांकडे बघत राहिला. पोरानेही त्याच्याकडे पाहिलं, आणि आपण होऊन डोळे गच्च मिटून घेतले. पुंजाजीने साबण दगडावर ठेवून दिला. धोतराच्या सोग्याने पोराचं डोकं पुसलं, आणि तिथून जाऊन त्याने जेवणाची घंटा बडवायला सुरुवात केली.

भलत्या वेळी घंटा म्हणून पोरं धावत आली. पुंजाजी अंगणाच्या मधोमध उभा राहिला.

"मले येडी म्हणा. जोरानं. जो म्हणन त्याले गूळ."

पोरांना वाटलं, हा सापळा आहे. आज म्हणायचं आणि उद्या कान पिळून घ्यायचा. शेवटी एक धीट पोरगं खाली बघत पुटपुटलं, "येडी."

"ओ!" पुंजाजी गरजला.

पोरांची तोंडं उघडीच राहिली. पैलवानजींनी ओ दिला! मग काय विचारता. चाळीस पोरांनी इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. "येडी!" "ओ!" "ए येडी!" "ओ!" "मिशीवाली येडी!" "ओ रे बाप्पा, ओ!" रस्त्याने जाणारी माणसं कुंपणाशी थांबली. एकाने मला विचारलं, याला केव्हापासून असं होतंय? पुंजाजीचं कोणाकडे लक्ष नव्हतं. घामाने मिशी ओठांवर लोंबत होती, आवाज बसत चालला होता, आणि प्रत्येक हाकेला ओ देऊन तो एकदा सोमल्याकडे बघत होता. ज्या शब्दापायी त्याने एवढं रान उठवलं होतं, तो शब्द आता तो लोकांकडून मागून घेत होता. मला हसू येत होतं आणि त्याची दयाही येत होती. दोन्ही आवरेनात, म्हणून मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

सोमला मावशीजवळ उभा होता, तोंडावर हात ठेवून. पोरं ओरडत होती तसतशा त्याच्या भुवया जवळ जवळ येत गेल्या. एकदा त्याने पाय आपटला. मग एकदम तो धावत पोरांमध्ये घुसला, त्या धीट पोराला त्याने ढकलून दिलं, तोंडावरचा हात काढला आणि संतापून ओरडला,

"येडी नाई! याडी!"

पोरं वळून त्याच्याकडे बघू लागली.

"याडी," त्याने पोरांना पुन्हा नीट सांगितलं, अगदी उत्तमराव शुद्धलेखन सांगतात तसं. आणि मग वळून, मान वर करून, त्याने पुंजाजीला हाक मारली, "याडी."

चाळीस पोरांना ओ देणाऱ्या पुंजाजीला या एका हाकेला ओ देता येईना. हनुवटी थरथरत होती, आणि तिच्याबरोबर मिशीही.

सोमल्याने धोतर धरून ओढलं. हाक मारली की काय करायचं, ते याच माणसाने त्याला शिकवलं होतं.

"ओ दे ना!"

"ओ," पुंजाजी म्हणाला.

धनीबाई उठली.